अर्धमॅरेथॉन आणि अर्धशक्ती : कुटुंबीयासमवेत दीर्घ धावनाचा आयुर्वेदीय विचार

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत वैद्याच्या चिकित्सालयात एक नवा प्रश्न वारंवार ऐकू येऊ लागला आहे. पूर्वी रुग्ण विचारत असे, "वैद्यराज, सकाळी फिरायला जाऊ का?" आता पन्नाशीचे वडील महाविद्यालयीन मुलाला बरोबर घेऊन येतात आणि विचारतात, "हा एकवीस किलोमीटर पळणार आहे, मीही त्याच्याबरोबर पळू का?" कधी पती-पत्नी असतात, कधी बहीण-भाऊ, कधी सासरे आणि सून. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. त्यानंतर ही लाट जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली. नांदेड आणि लातूर येथेही पहाटेच्या वेळी मैदानांवर व बाह्यवळण रस्त्यांवर धावणाऱ्यांच्या जोड्या दिसतात.

अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर आहे. सामान्य गृहस्थास ते पार करण्यास दोन ते सव्वातीन तास लागतात. इतका दीर्घ व्यायाम आयुर्वेदास संमत आहे काय, असल्यास कोणास व कोणत्या काळी, आणि भिन्न वय, भिन्न प्रकृती व भिन्न बल असलेल्या दोन कुटुंबीयांनी तो एकत्र करावयाचा झाल्यास मात्रा कोणाची धरावी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. औषधी दुकानदार बांधवांकडेही हेच लोक "ताकदीचे काहीतरी द्या" म्हणून येतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद दिला आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना स्थैर्य व बल वाढविणारी, इष्ट अशी शरीरचेष्टा म्हणजे व्यायाम, असे सांगितले आहे आणि तो मात्रेने करावा असे लगेच बजावले आहे. लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, क्लेशसहिष्णुता, दोषक्षय आणि अग्निवृद्धी ही त्याची फळे होत. याच ठिकाणी अतिव्यायामाची फळेही येतात : श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक श्वास, कास, ज्वर आणि छर्दी. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. सिंह दुर्बल नसतो, त्याचे ओझे त्याच्या बलाबाहेरचे असते. दृष्टान्तातील हा भाग धावणाऱ्यांना आवर्जून सांगावा.

सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात दोन विधाने एकत्र वाचण्याजोगी आहेत. स्थैर्य देणाऱ्या भावांमध्ये व्यायाम श्रेष्ठ होय, आणि प्राणास बाधक अशा भावांमध्ये बलाचा विचार न करता केलेला आरंभ अग्रगण्य होय. निदानस्थानात शोषाची जी चार कारणे येतात त्यांत 'साहस' पहिले आहे व त्यात बलाबाहेरच्या वाटचालीचाही समावेश होतो. म्हणजे एकच कर्म बलानुसार केल्यास स्थैर्यकर आणि बलाबाहेर केल्यास शोषकर ठरते.

दीर्घ अंतराला मात्र शास्त्राने सरसकट निषेध केलेला नाही. सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत साधनहीन रुग्णास पादत्राण व छत्रीविना, मुनीप्रमाणे मिताहार घेत, शंभर योजने वा त्याहून अधिक चालण्यास सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्रात आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर लाखो वारकरी दरवर्षी पायी कापतात आणि त्यांत आजी, मुलगा, सून, नातू एकाच दिंडीत असतात. तेथे गती दिंडीची असते, एकट्याची नसते. पुढे सहधावनाविषयी जे मांडले आहे त्याचे बीज या व्यवस्थेत आहे.

'अर्ध' कोणाचे? अंतराचे की शक्तीचे?

वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही अल्प करावा, असे म्हटले आहे. सुश्रुतांनी या अर्धशक्तीचे लक्षण दिले आहे : हृदयस्थ वायू जेव्हा मुखाकडे येऊ लागतो, तेव्हा बलार्ध पूर्ण झाले. काख, कपाळ, नाक व हातापायांचे सांधे यांवर घाम येणे आणि मुखशोष होणे ही जोडलक्षणे परंपरेने सांगितली जातात.

आधुनिक व्यायामशास्त्रात 'बोलण्याची कसोटी' वापरतात. धावताना पूर्ण वाक्य सहज बोलता आले तर श्रम मध्यम, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर श्रम तीव्र. नाकाने चालणारा श्वास तोंडाने चालू लागणे आणि वाक्य तुटणे या दोन्ही घटना जवळजवळ एकाच वेळी घडतात. सुश्रुतांचे लक्षण आणि ही कसोटी एकाच अवस्थेकडे बोट दाखवितात. बीटा-अवरोधक गोळ्या घेणाऱ्या रुग्णात नाडीची गती अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, तेव्हा मनगटावरील घड्याळातील आकड्यापेक्षा हे लक्षण अधिक विश्वासार्ह ठरते.

येथे एक शंका येते. अर्धशक्तीचे लक्षण दिसताच थांबावयाचे, तर एकवीस किलोमीटर पुरे कसे होणार? उत्तर बलाच्या विचारात आहे. चरकांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात बल तीन प्रकारचे सांगितले : सहज, कालज आणि युक्तिकृत. सहज बल जन्मतः येते, कालज बल ऋतू व वय यांवर अवलंबून असते. आहार व व्यायाम यांच्या योजनेने जे मिळते ते युक्तिकृत. आज ज्याचे बलार्ध तीन किलोमीटरमध्ये संपते, त्याचे युक्तिकृत बल वाढविल्यास चार महिन्यांनी तेच बलार्ध वीस किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, परंतु गती मंद ठेवली तरच. म्हणून प्रश्न अंतराचा नाही, त्या दिवशीच्या बलाशी त्या अंतराच्या प्रमाणाचा आहे. संपूर्ण अंतर वाक्य न तुटता पार झाले तर ती अर्धमॅरेथॉन अर्धशक्तीत बसली. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये वाक्य तुटू लागले तर ते साहस झाले.

युक्तिकृत बलाचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२० साली दिल्ली येथील अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत हे अंतर कापणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले. दर किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद ही ती गती. ती अनेक वर्षांच्या सैनिकी व क्रीडा प्रशिक्षणाने आली आहे. अशा उदाहरणापासून गृहस्थाने सातत्य घ्यावे, गती घेऊ नये.

सहधावनाचा विशेष विचार

एकट्याने धावणे आणि कुटुंबीयाबरोबर धावणे यांत वैद्यकीय दृष्ट्या तीन भेद आहेत.

पहिला भेद मात्रेचा. दोघांपैकी ज्याचे बल अल्प, त्याचे बलार्ध ही दोघांची मर्यादा. प्रबल व्यक्ती त्या दिवशी आपल्या पाव शक्तीने धावेल, त्यात तिचे काही बिघडत नाही. उलट केल्यास दुर्बल व्यक्ती पूर्ण शक्तीच्याही पलीकडे जाते.

दुसरा भेद निरीक्षणाचा. कपाळावरील घाम, तोंडाने श्वास, तुटणारे वाक्य, बदललेली चाल ही लक्षणे ज्याची त्यास उशिरा कळतात, शेजारी धावणाऱ्यास आधी दिसतात. त्यातही घरातील माणसास त्या व्यक्तीचा नेहमीचा आवाज, नेहमीची चाल व नेहमीचा स्वभाव माहीत असतो. एरवी बडबड करणारी बहीण गप्प झाली, एरवी शांत असणारे वडील चिडू लागले, हे परक्या धावकास कळणार नाही. त्यामुळे नीट शिकविलेला कुटुंबीय हा उत्तम परिचारक ठरतो.

तिसरा भेद मनाचा, आणि धोका येथे आहे. मुलासमोर बापाला थांबण्याची लाज वाटते. पत्नीचा हिरमोड होऊ नये म्हणून पती छातीतील जडपणा सांगत नाही. प्रेमापोटी लक्षण लपविणे हाही प्रज्ञापराधच होय. म्हणून धावण्यापूर्वी दोघांत एक करार व्हावा : दोघांपैकी कोणीही 'चालू या' म्हटले की कारण न विचारता दोघांनी चालावयाचे, आणि 'थांबू' म्हटले की थांबावयाचे.

कुटुंबासाठी माणूस बलाबाहेर जातो याची उदाहरणे आदराने सांगितली जातात. बारामतीच्या लताबाई करे यांनी पतीच्या उपचारासाठी उतारवयात लुगडे नेसून, अनवाणी शर्यत जिंकली. त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही आला. त्या धैर्यास वंदन असो, पण ती गरिबीने लादलेली धाव होती. चिकित्सकाने तिचा आदर्श रुग्णासमोर ठेवू नये. त्यापेक्षा दुसरे उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेतील डिक हॉइट यांनी १९७७ पासून, हातपाय न हलवू शकणाऱ्या रिक या मुलास चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत शर्यती पूर्ण केल्या. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २०१४ पर्यंत ही जोडी बत्तीस वेळा धावली. वडिलांचे निधन २०२१ मध्ये व मुलाचे २०२३ मध्ये झाले. त्यांची पहिली धाव पाच मैलांची होती, मॅरेथॉन त्यानंतर काही वर्षांनी आली, हे येथे महत्त्वाचे. आपल्याकडे नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत दोघांच्या चमूने पूर्ण केली. तेथे एक सायकल चालवी तेव्हा दुसरा विश्रांती घेई. बलाची वाटणी हे त्या यशाचे सूत्र होते.

पूर्वपरीक्षा

सुश्रुतांनी व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल व अशन यांचा विचार करण्यास सांगितले आहे. जोडीतील प्रत्येकाची ही परीक्षा स्वतंत्र करावी.

वय : चाळिशीनंतर, किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखूचे व्यसन, घराण्यात अकाली हृद्रोग यांपैकी काही असल्यास हृदयरोगतज्ज्ञांकडून विद्युत्‌आलेख व श्रमचाचणी करून घेतल्याविना अनुमती देऊ नये. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील सुमारे १ कोटी ९ लाख धावकांच्या अभ्यासात ५९ जणांचे हृदय धावताना वा धावल्यानंतर बंद पडल्याचे आढळले. अर्धमॅरेथॉनमधील प्रमाण पूर्ण मॅरेथॉनहून बरेच कमी होते आणि बहुसंख्य पुरुष होते. प्रमाण अल्प आहे, पण ज्या घरी ते घडते तेथे अल्प नसते.

बल : वरील बोलण्याची कसोटी लावून सलग किती मिनिटे चालता वा धावता येते ते पाहावे. कृश, क्षीण, नुकताच ज्वरमुक्त झालेला, रक्तपित्ती, श्वास-कासाने पीडित, भ्रम असलेला व अजीर्णाचा रुग्ण यांस शास्त्राने व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. स्त्रियांमध्ये पांडुत्व आवर्जून तपासावे.

शरीर : स्थूल व्यक्तीच्या जानुसंधीवर भार येतो. तिला प्रथम दोन महिने चालणेच द्यावे. वातप्रधान व्यक्तीस स्नेहनाविना दीर्घ धावन देऊ नये.

देश : नांदेड गोदाकाठी, सखल व उष्ण आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर, त्याहून उंच व रात्री थंड. एका गावी सराव करून दुसऱ्या गावी धावणाऱ्याने हा फरक ध्यानी घ्यावा. रस्ता कठीण सिमेंटचा असल्यास सरावाचा काही भाग मातीच्या मैदानावर करावा.

काल : ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य व वर्षा ऋतूत अल्प, हे शास्त्रवचन मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अक्षरशः पाळावे. शरदात पित्तप्रकोप असतो, तेव्हा उन्ह वर येण्यापूर्वी अल्प आरंभ. हेमंत व शिशिर हाच दीर्घ धावनाचा काळ. एप्रिल-मेमधील दीर्घ शर्यतीसाठी अनुमती मागणाऱ्यास वैद्याने स्पष्ट नकार द्यावा.

अशन : याचा विचार पुढे केला आहे.

पादांशिक क्रम

अपथ्य सोडताना व पथ्य स्वीकारताना पाव-पाव अंशाने जावे, असा चरकांचा उपदेश आहे. तोच नियम अंतर वाढविण्यास लावून पुढील सोळा आठवड्यांचा क्रम मी वापरतो. आठवड्यातून चार दिवस व्यायाम : तीन दिवस तीस ते पंचेचाळीस मिनिटे, रविवारी दीर्घ अंतर. रविवारचे अंतर किलोमीटरमध्ये असे :

पहिले चार आठवडे : ४, ५, ६, ४.५
दुसरे चार आठवडे : ७, ८, १०, ७.५
तिसरे चार आठवडे : ११, १३, १४, १०.५
शेवटचे चार आठवडे : १६, १८, १०, आणि मुख्य धाव.

पूर्वी गाठलेल्या सर्वाधिक अंतरात एका वेळी चतुर्थांशाहून अधिक वाढ कोठेही नाही, आणि पहिल्या तीन गटांत चौथा आठवडा तिसऱ्याच्या तीन-चतुर्थांश आहे. प्रारंभी चार मिनिटे मंद धाव व एक मिनिट चाल असे चक्र ठेवावे. हे चक्र मुख्य धावेतही चालू ठेवण्यास काही हरकत नाही. जोडीदार दोन गावी राहत असल्यास अंतर नव्हे, वेळ समान ठेवावी. एकाने चाळीस मिनिटांत सहा किलोमीटर केले व दुसऱ्याने चार, तरी व्यायाम सारखाच झाला. महिन्यातून एकदा तरी दोघांनी एकत्र धावून परस्परांची लक्षणे ओळखण्याचा सराव करावा.

आहार, जल व अभ्यंग

आपल्या भागातील ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, करडईचे तेल, जवस-तिळाची चटणी, दूध व तूप हा आहार या श्रमास पुरेसा आहे. वाग्भटांची 'स्निग्धभोजी' ही अट विसरू नये. रुक्ष अन्न खाऊन वजन उतरविणे व दीर्घ धावणे एकाच वेळी केल्यास वातप्रकोप निश्चित. धावेच्या आदल्या रात्री नेहमीचे, सुपाच्य व थोडे लवकर भोजन करावे, नवा पदार्थ नको.

श्रमानंतर चरकांचे श्रमहर महाकषाय आठवावे : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गू, परूषक, इक्षू, यव व षष्टिक. मनुका, खजूर व डाळिंब आपल्याकडे सहज मिळतात. मधुमेही व्यक्तीस हीच द्रव्ये सरसकट देऊ नयेत, परंतु धावताना रक्तशर्करा उतरल्यास त्यांचाच उपयोग होतो. म्हणून खडीसाखर वा खजूर तिच्या खिशात असावाच.

पाण्याविषयी दोन टोके टाळावीत. २०१६ साली लातूरकरांनी रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे, पाण्याचे मोल त्यांना सांगणे नलगे. परंतु दीर्घ धावेत भीतीपोटी तहानेपेक्षा अधिक पाणी पिणेही घातक होय. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले व त्याचा संबंध अतिजलपानाशी होता. तृष्णा लागेल तेव्हा घोट-घोट, अधूनमधून मीठ-साखर-लिंबूपाणी, हा मध्यम मार्ग.

अभ्यंग रोज, निदान व्यायामाच्या दिवशी तरी करावा. पायांस व पोटऱ्यांस तीळतेल, वातलक्षणे असल्यास महानारायण वा सहचरादी तेल. व्यायामानंतर सुखकर मर्दन व मग कोमट पाण्याने स्नान हा दिनचर्येतील क्रम आहे. धावेच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन उतरण्याची प्रथा वृक्कास अपायकारक आहे, ती कटाक्षाने बंद करावी.

औषधी दुकानदार बांधवांसाठी

दुकानावर अश्वगंधा, शिलाजीत व 'स्टॅमिन्याची' औषधे मागितली जातात. पुढील बाबी ध्यानी घ्याव्यात. औषधाने सोळा आठवड्यांचे काम होत नाही, हे ग्राहकास प्रथम सांगावे. कुपीलू अर्थात कुचला असलेले कल्प, जसे अग्नितुंडी वटी व विषतिंदुक वटी, वैद्याच्या लेखी सल्ल्याविना देऊ नयेत. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात प्रतिबंधित द्रव्य आहे. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्स यांना वाटेत स्ट्रिक्नीन व ब्रँडी देण्यात आली होती आणि ते अंतिम रेषेवर जवळजवळ कोसळले. सोमलतेतील एफेड्रीनही ठरावीक प्रमाणापुढे स्पर्धेत प्रतिबंधित आहे. आपल्याकडे २०२२ पासून राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा आहे. पोलीस, सैन्य वा क्रीडा संघटनेच्या स्पर्धेत उतरणाऱ्या तरुणास बिननावाची, बॅच क्रमांक नसलेली पावडर दिल्यास त्याची कारकीर्द बुडू शकते आणि दोष आयुर्वेदाच्या माथी येतो.

एक अनुभव

माझी थोरली बहीण लातूरला राहते, मी नांदेडला. तिची संमती घेऊन हे लिहीत आहे. वय ५१, प्रकृती कफप्रधान, सहा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराईड या गोळ्या चालू. आमच्या वडिलांचा पाय याच व्याधीने गेला, त्यामुळे पायाच्या लहानशा फोडासही आमच्या घरी भय वाटते. २०२३ च्या घटस्थापनेस तिने विचारले, "तुझ्याबरोबर पळता येईल का मला?" हृदयतज्ज्ञांची तपासणी, नेत्रपटल व पायाच्या संवेदनेची परीक्षा झाल्यावर वरील सोळा आठवड्यांचा क्रम सुरू केला. तिचे पाय दररोज रात्री तिच्या सुनेने पाहावयाचे असे ठरले. महिन्यातून एका रविवारी आम्ही साधारण मध्यावर, अहमदपूरला भेटत असू.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पुणे परिसरात आम्ही ही धाव केली. त्या दिवशीची ग्लिमेपिराईडची मात्रा तिच्या उपचारक डॉक्टरांनी ठरवून दिली होती. निघण्यापूर्वी व मध्ये रक्तशर्करा तपासली. तेराव्या किलोमीटरपर्यंत ती सुनेच्या, नातवाच्या, शेजारच्या लग्नाच्या गोष्टी सांगत होती. चौदाव्यानंतर वाक्ये लहान झाली, पंधराव्यास एकेक शब्द येऊ लागला. कपाळ व नाकाचा शेंडा घामाने डवरला होता. मी म्हणालो, "ताई, आता चालू या." तिला ते रुचले नाही. "हे भाऊ सांगतोय की वैद्य?" तिने विचारले. मी म्हणालो, "दोघांचं एकच मत आहे." करार आठवून ती चालू लागली. दहा मिनिटांच्या चालीत वाक्य पुन्हा जुळले, शर्करा योग्य होती. पुढे तीन मिनिटे धाव व दोन मिनिटे चाल असे करीत आम्ही ३ तास ५ मिनिटांत अंतर पूर्ण केले. सायंकाळी तिच्या पायांची तपासणी केली, फोड नव्हता. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांत वेदना होत्या, त्या अभ्यंगाने व विश्रांतीने तीन दिवसांत शमल्या.

एका व्यक्तीच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही आणि धावनाने मधुमेह बरा होतो असा दावा येथे मुळीच नाही. मात्र एवढे नोंदवावेसे वाटते की सुश्रुतांचे लक्षण पंधराव्या किलोमीटरला डोळ्यांसमोर उभे राहिले व त्यावर निर्णय घेता आला. ताई आजही आठवड्यातून चार दिवस चालते. तिच्या मते पदकापेक्षा हेच मोठे आहे. वैद्य म्हणून माझेही मत तेच आहे.

थांबविण्याची लक्षणे

पुढील लक्षणे जोडीतील दोघांसही तोंडपाठ असावीत : छातीत दाब वा वेदना, ती जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जाणे. चालल्यावरही न उतरणारा श्वास. भ्रम, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे. उन्हात घाम अचानक थांबून अंग तापणे. मधुमेही व्यक्तीत थरथर, थंड घाम, अकारण चिडचिड. शेवटच्या स्थितीत शुद्ध असल्यास तत्काळ साखर द्यावी, शुद्ध हरपल्यास तोंडात काही घालू नये. यांपैकी कोणत्याही लक्षणात चूर्ण-वटीचा विचार न करता रुग्णास जवळच्या रुग्णालयात न्यावे. तेथे विलंब न करणे हीच आयुर्वेदनिष्ठा होय.

उपसंहार

१. अर्धमॅरेथॉन आयुर्वेदविरोधी नाही, अयथाबल आरंभ आयुर्वेदविरोधी आहे.
२. संपूर्ण अंतर वाक्य न तुटता पार करता येणे ही अर्धशक्तीची व्यवहार्य कसोटी आहे.
३. जोडीने धावताना अल्पबल व्यक्तीचे बलार्ध हीच दोघांची मात्रा.
४. क्रम पादांशिक, काल हेमंत-शिशिर, आहार स्निग्ध, जल तृष्णेनुसार.
५. मधुमेह, रक्तदाब व हृद्रोगाच्या औषधांत बदल उपचारक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

वैद्यमित्रांनी आपल्याकडे येणाऱ्या अशा जोड्यांची वय, प्रकृती, ऋतू, क्रम व उपद्रव अशी साधी नोंदवही ठेवावी. नांदेड-लातूर परिसरातील दहा-वीस चिकित्सालयांच्या नोंदी दोन हिवाळे एकत्र केल्या, तरी आपल्या देशातील, आपल्या आहारावर वाढलेल्या शरीरांविषयी काही आधाराने बोलता येईल. तोपर्यंत जो पिता मुलास घेऊन चिकित्सालयात येईल, त्यास घाईने होकार वा नकार देऊ नये. दोघांची नाडी पाहावी, दोघांस मैदानावर बोलत-बोलत चालावयास लावावे आणि कोणाचे वाक्य आधी तुटते ते पाहून मात्रा ठरवावी.